चार लेकरं, एक रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

करुणा काल दुपारच्या बसने छिंदवाड्याला गेली. नर्सिंगचं ट्रेनिंग, दीड वर्षाचं. तेहतिसाव्या वर्षी तिची निवड झाली. चार लेकरं मागे टाकून जायला हिंमत लागते, ती तिच्याकडे आहे. माझ्याकडे किती आहे ते आता कळेल.

खरं म्हणजे ती जाणारच नव्हती. मागच्या गुरुवारी कुणालने दीपाला ढकललं अन् तिचं डोकं उंबऱ्याला लागलं. मी हातात होता तो पाइपाचा तुकडा कुणालच्या पायावर मारला. एकदा नाही, तीनदा. करुणा दारात उभी होती. तिनं भरलेली बॅग उघडली अन् कपडे बाहेर काढायला लागली.

"मी नाही जात. तुमच्या भरोशावर कशी टाकू लेकरं?"

मी म्हटलं, "मी शिकतो."

"काय शिकता?"

मला तरी कुठं माहीत होतं! मग तिनंच शोधलं. अंगणवाडीच्या ग्रुपवर आलं होतं, आईबापांसाठी ऑनलाइन शिकवणी, आठ हप्त्यांची. दर बुधवारी फोनवर व्हिडिओ अन् संध्याकाळी सगळ्यांची मीटिंग. तिनं माझं नाव टाकलं, माझ्याकडून वचन घेतलं, अन् कपडे परत बॅगेत भरले.

शिकवणीच्या पहिल्या कागदावर लिहिलं आहे की रोज थोडं लिहीत जा. हे कोणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहीन. सौंसरच्या नगरपालिकेत मी वॉलमन आहे. पहाटे पाचला चावीने पाइपाचे वॉल उघडून वॉर्डावॉर्डात नळ सोडतो. दुपारी टाकी भरेपर्यंत पंपघरात बसून राहावं लागते. तिथं लिहितो, नाही तर रात्री लेकरं झोपल्यावर.

आज फॉर्म भरला. "मुलांची संख्या" या रकान्यात ४ लिहिलं. खाली होतं, "ज्या मुलासाठी आपण सहभागी होत आहात त्याचे नाव." रकाना एकच. कुणालचं नाव टाकलं, वय आठ. अक्षय तेरा वर्षांचा आहे, संबोधी अकराची, दीपा चारची. त्यांच्यासाठी जागा नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली मीटिंग. पूनम मॅडम शिकवतात, भोपाळला राहतात पण मराठी चांगली बोलतात. चोवीस जण होते. बाप माणूस आम्ही दोघंच, मी अन् पांढुर्ण्याचा वैभव. त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याला एकच पोरगा.

पहिला धडा: रोज दहा मिनिटं फक्त लेकरासोबत. फोन नाही, काम नाही. काय खेळायचं ते लेकरू ठरवेल.

मी विचारलं, "मॅडम, चार असले तर?"

मॅडम म्हणाल्या, "सध्या निवडलेल्या मुलाकडे लक्ष द्या. बाकीच्यांना आपोआप फायदा होतो."

लोधीखेड्याची अर्चना नावाची बाई होती. स्वतःचे तीन अन् मोठ्या दिराचे दोन, पाच लेकरं एका घरात. ती हसली अन् म्हणाली, "आपोआप तं आमच्या घरी भांडनंच होते, मॅडम."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल कुणालसोबत बसलो. त्यानं गोट्या काढल्या. दोन मिनिटांत दीपा माझ्या पाठीवर चढली. अक्षय म्हणे, "त्याच्याशीच काऊन खेळून राहिले? मारलं त्याले म्हनून?" खरं बोलला पोट्टा.

मग मी ठरवलं, मॅडम काही म्हणो, दहा मिनिटं चौघांनाही द्यायचे. संध्याकाळी साडेसहापासून नंबर लावला: दीपा, कुणाल, संबोधी, अक्षय. वॉर्डांना पाण्याच्या वेळा मी वाटून देतो, हे कठीण नाही जायचं. कागदावर लिहून दारामागे चिकटवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जमून राहिलं! कुणालनं दोन दिवसांत कोणाला मारलं नाही. आज दीपाचे दहा मिनिटं संपले अन् ती रडायला लागली. कुणालचा नंबर झाल्यावरही हुंदके चालूच. तेव्हा संबोधी म्हणाली, "माहं काही नाही, पप्पा. माहे मिनिटं तिले द्या."

मी म्हटलं, "शाब्बास! तू तं समजदार आहे माही पोरगी."

चारात एक तरी अशी असली की घर चालते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संबोधीनं आज पुन्हा नंबर सोडला. आज कुणालसाठी. मी मीटिंगच्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला की मोठी बहीण स्वतःहून त्याग करून राहिली, हाच शिकवणीचा फायदा. वैभवनं टाळ्या पाठवल्या.

धड्याची पानं बारीक अक्षरांत येतात. मला वाचून दाखव म्हटलं तर संबोधीनं फोन नाकाला लावला. मी म्हटलं, दूर धर. दूर धरला तर अडखळायला लागली. वाचन कच्चं आहे तिचं. करुणा आल्यावर सांगीन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचा धडा शाबासकीचा. नुसतं "चांगलं केलं" नाही म्हणायचं, काय चांगलं केलं ते सांगायचं. कुणालला म्हटलं, "तू दीपाचा हात धरून रस्ता पार केला, मले आवडलं." पोट्टा कानापर्यंत लाल झाला.

मीटिंगला चौदा जण राहिले. मी मुद्दाम पाहिलं कोण कोण गेलं ते. गेलेल्या दहांपैकी आठ जण तीन किंवा जास्त लेकरंवाले. एक-दोनवाले बहुतेक टिकून आहेत. अर्चनाही नव्हती. तिला मेसेज टाकला, तर उत्तर आलं, "भाऊ, माह्या घरात दहा मिनिटं नाहीत. मी चुलीजवळ बसली तरी पाची जण माह्या अंगावर राहतात. एकटं एकाले कुठी नेऊ?"

मॅडमनं ग्रुपवरच्या यादीत तिच्या नावापुढे "गळती" लिहिलं. मला ते आवडलं नाही. गळती पाइपाला असते, अन् पाइप फुटला तर आम्ही पाहायला जातो की कुठून फुटला. पण मी काही बोललो नाही. मी टिकणार आहे. चार लेकरंवाल्यांमध्ये मी एकटाच उरलो तरी टिकणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज जरा मन दुखलं. बसस्टँडजवळच्या वॉलवर गळती काढत होतो. समोरून संबोधी शाळेतून येत होती. मी हात वर केला. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं अन् चालत गेली. सोबत मैत्रिणी होत्या. हातपाय चिखलाने भरलेला बाप, लाज वाटली असेल.

घरी विचारलं, "दिसलो नाही का तुले?"

"लक्ष नव्हतं, पप्पा."

रात्री वाढताना तिनं वरण ताटाबाहेर ओतलं. पहिलेचा मी असतो तर ओरडलो असतो. दुसऱ्या धड्यात सांगितल्याप्रमाणे पाच श्वास घेतले अन् शांतपणे म्हटलं, "पुसून घे बाई." आज मी स्वतःवर खूश आहे.

६ डिसेंबर, शनिवार

करुणा सकाळच्या बसने आली. विहारात वंदनेला सगळे गेलो. पांढरे कपडे घालून चौघंही शांत बसले, कुणालसुद्धा. शेजारची देवकाबाई, जी पहाटे दीपाला सांभाळते, ती करुणाला म्हणाली, "तुह्या नवऱ्यानं तं पोट्ट्याले वळण लावलं बापा!" करुणानं माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिनं मला क्वचितच पाहिलं असेल.

दुपारी ती संबोधीची वेणी घालत होती. म्हणाली, "हे काऊन इतकी गुमसुम झाली?"

मी म्हटलं, "गुमसुम नाही व, समजदार झाली."

वेणी घालून झाल्यावरही करुणा तिच्या केसांवर हात ठेवून बसली होती. मग बसची वेळ झाली.

१० डिसेंबर, बुधवार

आज पूनम मॅडमनं मीटिंगच्या आधी, सकाळीच वेगळा फोन केला. कुणालच्या वागण्याचे प्रश्न सुरुवातीला भरले होते, तेच पुन्हा भरून घेतले होते. तेव्हा त्रासाचा आकडा एकतीस होता, आता अकरा.

"आशिषजी, मोठ्या कुटुंबात इतका बदल आमच्याकडे क्वचित दिसतो. शेवटच्या मीटिंगमध्ये आमचे वरिष्ठ येतील. तुम्ही पाच मिनिटं बोलाल का? मोठं कुटुंबसुद्धा यशस्वी होतं, हे त्यांना दिसायला हवं."

मी हो म्हटलं. काय बोलायचं ते दुपारभर पंपघरात मोठ्याने म्हणून पाहिलं.

१३ डिसेंबर, शनिवार

शाळेतून श्रावण सरांचा फोन आला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता या.

सहामाहीच्या सरावाचे प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिले होते. संबोधीचा पेपर त्यांनी माझ्यासमोर ठेवला. गणितं सगळी बरोबर सोडवलेली, पण फळ्यावरची नव्हेतच. आठाचे तीन झालेले, सहाचे शून्य. शेवटचे चार प्रश्न तिनं उतरवलेच नाहीत.

"आशिषभाऊ, या पोरीले फळा दिसत नाही. दिवाळीनंतर मी पहिल्या बाकावर बसवलं, तरी नाही. तिले म्हटलं घरी सांग. रोज म्हणे, सांगितलं सर, पप्पा नेतो म्हणाले."

मी कधीच म्हणालो नव्हतो.

शाळेतून तिला घेऊन निघालो. घराच्या अलीकडे गाडी थांबवली.

"काऊन नाही सांगितलं वं?"

"कवा सांगू?"

"रोज तं तुहा नंबर होता."

ती खाली पाहत होती. मग म्हणाली, "एकदा सांगाले आली होती. दीपा रडून राहिली होती. मनात म्हटलं पहिले तिचं होऊ दे, मंग सांगतो. तं तुमी म्हटलं शाब्बास, समजदार आहे. मंग सांगाले जमलंच नाही."

"दुसऱ्या दिवशी सांगायचं ना!"

"मंग मी समजदार नसती राहिली ना, पप्पा."

पुढे लिहिणं होत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सुटी टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांना साडेतीन नंबर, दूरचं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, इतका नंबर महिन्याभरात येत नाही, दोन वर्षांपासून वाढत आला असेल. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं का?

आलं होतं. नाकाला लावलेला फोन, ताटाबाहेरचं वरण, वर केलेला हात. सगळं मीच या वहीत लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात. काल मागची पानं वाचली. वही टाकीत फेकून द्यावी वाटली. नाही फेकली.

आजची मीटिंग चुकली. पहिलीच.

१९ डिसेंबर, शुक्रवार

करुणाला सांगावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. सांगितलं तर ट्रेनिंग सोडून येईल. नाही सांगितलं तर घरात खोटं बोलणारे दोन होतील. दुपारी पंपघरातून फोन लावला अन् पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. नंबर सोडायचं, शाबासकीचं, सगळं.

तिनं मधे न तोडता ऐकलं. मग म्हणाली, "दोन वर्षांपासून म्हणाले डॉक्टर?"

"हाव."

"मंग त्यातले तेवीस महिने तं मीच होती घरी."

मी म्हटलं, "करुणा, तू येऊ नको. मी शिकतो म्हटलं होतं. अजून शिकून नाही झालं, एवढंच."

"येतो म्हटलं का मी?" ती रडत होती पण आवाज पक्का होता. "तिच्याशी बोलू द्या मले रोज. एकटीशी. फोन तिच्या हातात देऊन तुमी बाहेर जात जा."

२२ डिसेंबर, सोमवार

चष्मा आला. काळ्या दांडीचा, तिनंच निवडला. कुणाल म्हणे, "मास्तरीण दिसते!" अक्षयनं त्याच्या टाळक्यात टपली मारली. मी दोघांनाही काही म्हटलं नाही. संबोधी भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचत उभी होती, एकेक तारीख, खालचं बारीक छापलेलं सुद्धा.

परवा शेवटची मीटिंग. मॅडमचा मेसेज आला, "भाषण तयार आहे ना?"

२४ डिसेंबर, बुधवार

बोललो. फोन गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवला. मॅडमचे दोन वरिष्ठ होते अन् टिकलेले अकरा आईबाप.

मी म्हटलं, "कुणाल सुधारला, हे खरं आहे. मी मारणं सोडलं, हेही खरं. त्यासाठी तुमचे उपकार मानतो. पण त्याच आठ हप्त्यांत माझी संबोधी अर्धी आंधळी शाळेत जात होती अन् मला कळलं नाही. ती गप्प राहिली म्हणूनच मला कुणालसाठी वेळ मिळाला. तुमच्या फॉर्मात एकच रकाना आहे, त्यात कुणाल आहे, म्हणून तुमच्या कागदावर मी पास. ज्या घरात चार लेकरं आहेत, त्या घरात एकाचं सुधारणं दुसऱ्याच्या वाट्यातून येऊ शकते. ते कुठं लिहायचं?"

वरिष्ठांपैकी एक जण म्हणाले, "मग तुमची सूचना काय?"

"एक, सगळ्या लेकरांची नावं घ्या. दोन, जे लेकरू त्रास देत नाही त्याच्याबद्दल वेगळं विचारा, पहिले त्याच्याबद्दलच विचारा. अन् तीन, जे सोडून गेले त्यांना फोन करा. लोधीखेड्याच्या अर्चनाबाईचं नाव तुम्ही गळतीत लिहिलं. तिला शिकायचं नव्हतं असं नाही, तिच्या घरात बसतील असे दहा मिनिटं तुम्ही तिला शोधून दिले नाहीत."

साहेबांनी मान हलवली. लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

नंतर पूनम मॅडमचा फोन आला. मी समजलो, रागावतील. त्या म्हणाल्या, "फॉर्म मी बनवत नाही, आशिषजी. आकडा बदलता येत नाही, तुम्ही यशस्वीमध्येच राहणार." मग विचारलं, "पण अर्चनाबाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?" दिला.

वैभवचाही फोन आला. म्हणाला, "दादा, मी किती हुशार बाप आहे असं वाटत होतं मला. आता समजून राहिलं, आमच्या घरी एकच लेकरू. त्याला लपायला जागाच नाही."

२९ डिसेंबर, सोमवार

दारामागचा कागद फाडला. संध्याकाळच्या घाईत चाळीस मिनिटं काढणं मला जमलं ते संबोधीच्या जिवावर. आता नवी रीत. नळ सोडायला तिघा मोठ्यांपैकी रोज एकेकाला सोबत न्यायचं, दीपाचे दहा मिनिटं संध्याकाळीच. शाळेच्या दिवशी शेवटच्या दोन वॉर्डांपुरतं, सहानंतर. काम तर करायचंच आहे, मग कामातच वेळ काढू. नियम एक: आपला नंबर कोणाला देता येणार नाही. मागितला तरी नाही.

आज तिचा पहिला नंबर. स्वेटर, टोपी, चष्मा घालून गाडीवर मागे बसली. वॉलजवळ उभी राहिली अन् काहीच बोलली नाही. मला दहा गोष्टी विचाराव्या वाटल्या. धड्यात होतं, लेकराला पुढे चालू द्या. मी चावी फिरवत राहिलो. पूर्ण वेळ गप्प. घरी सोडताना म्हणाली, "पप्पा, आता मले समजदार नोका म्हणत जाऊ."

मी म्हटलं, "नाही म्हणत."

अर्चनाबाईला ही रीत फोनवर सांगितली. तिनं विचार केला अन् म्हणाली, "माह्याकडे नळ नाही, भाऊ. पण बकऱ्या सोडाले एकाले नेऊ शकतो."

४ जानेवारी, रविवार

आज पहाटे घरात हंगामा झाला. संबोधीचा नंबर होता, पण कुणाल आधीच बूट घालून गाडीवर बसला. सुटी आहे तर मीच येतो म्हणे. मी काही बोलायच्या आत संबोधी धावत बाहेर आली. तिनं त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. तो पडला. उठून त्यानं तिची वेणी धरली, तर तिनं त्याच्या दंडाला चावा घेतला.

"माहा नंबर आहे! आज माहा आहे!" इतकी ओरडली की देवकाबाई घोंगडी पांघरून बाहेर आली. "अव माय, हे तं मुकी होती ना?"

भांडण झालं की दोघांना वेगळं करायचं, आवाज चढवायचा नाही, सहावा धडा. मला सगळं पाठ आहे. पण मी दोन पळ तसाच उभा राहिलो. मग कुणालला उचललं, दंडावर पाणी लावलं, "तुहा नंबर परवा" म्हणून देवकाबाईजवळ बसवलं. चावायचं नाही, हे संबोधीलाही सांगितलं. तिनं "हाव" म्हटलं, पण पश्चात्ताप काही दिसला नाही.

वॉर्ड नंबर सातच्या वॉलवर पोचलो अन् ती सुरू झाली. अक्षय तिची पेन्सिल घेतो अन् परत देत नाही. दीपा तिच्या पांघरुणात लघवी करते अन् सगळे हसतात. मी वेणी घट्ट घालतो, डोकं दुखते. तिनं केलेली भाजी कशी झाली ते मी कधी सांगितलं नाही. आईची आठवण येते तेव्हा ती मोरीत जाऊन रडते, कारण खोलीत कोणी ना कोणी असतेच. अन् सरावाच्या पेपरात नापास झाली ते मी कोणाला काऊन सांगितलं?

मी चावी धरून ऐकत होतो. उजाडलं. वॉर्ड आठमधून फोन यायला लागले, नळ काऊन नाही आला म्हणून. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा वाजला. संबोधीनं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अन् थांबली.

मी फोन गाडीच्या डिक्कीत टाकला अन् वरून झाकण लावलं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय," ती म्हणाली, "अजून लय आहे."